दिसायला एक, शोधायला दोन

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दोन्ही छापून शेजारी ठेवले तर उभं आयुष्य प्रूफं तपासण्यात घालवलेल्या माणसालाही फरक सांगता येणार नाही. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. मजकूर एका तऱ्हेने टाइप झालेला असेल आणि शोधणाऱ्याने दुसरी वापरली, तर साधा शोध ‘सापडलं नाही’ म्हणून मोकळा होतो. शब्द समोर पानावर दिसत असतो आणि तरीही सापडत नाही. मोठी सर्च इंजिनं यातलं बरंच सांभाळून घेतात. पण कार्यालयातल्या फाइली, ग्रंथालयाच्या याद्या, मासिकांचे जुने अंक, गावच्या सोसायटीचा सभासदांचा तक्ता, इथे सांभाळून घेणारं कोणी नसतं.

संगणकाचा नाद मला कॉलेजपासून आहे. नवं यंत्र आलं की उघडून पाहावं, नवी प्रणाली आली की चढवून बघावी, ही हौस अजून टिकून आहे. पण या सगळ्या उद्योगात माझा जीव सगळ्यात जास्त गुंतला तो यंत्रावरच्या मराठीत. तिने दिलेला मनस्ताप आणि तिने दिलेला आनंद दुसऱ्या कशातून मिळालेला नाही. गेल्या वर्षभरात छपाईच्या धंद्यातल्या, ग्रंथालयातल्या आणि हौसेने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या काही माणसांना भेटलो, त्यांच्या शेजारी बसून पडदे पाहिले. हा लेख त्या भेटींतून आला आहे.

आधी त्या ‘ऱ्या’चं प्रकरण. मराठीत अर्धा र पुढच्या अक्षराला जोडताना दोन रूपं घेतो. ‘दर्या’त तो रफार होऊन डोक्यावर चढतो, ‘दऱ्या’त आडवा होऊन य-ला चिकटतो. आचार्यांना नमस्कार करायचा असतो, आचाऱ्यांना पानांचा आकडा सांगायचा असतो. कऱ्हाड, वऱ्हाड, सातारच्या पायऱ्या, ज्वारीच्या भाकऱ्या, सगळीकडे हाच आडवा र. हिंदीला त्याची गरज पडत नाही. मराठीला, कोकणीला, नेपाळीला पडते. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना आकडे देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात त्याला स्वतःची जागा नाही, तो घडवावा लागतो. एक रीत अशी: साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि मागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह ठेवायचं. दुसरी रीत: खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. हा टिंबवाला ऱ तक्त्यात आला तो द्राविडी भाषांतला वेगळा र देवनागरीत दाखवता यावा म्हणून. त्याचं अर्धं रूप आडवं काढायचं असा नियम झाला आणि मराठीची सोय झाली. आज युनिकोडचं प्रमाण दुसऱ्या रीतीकडे बोट दाखवतं, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून पहिलीही चालू ठेवली आहे. तुमचा कीबोर्ड यातली कोणती उमटवतो हे टाइप करताना कळायला काही मार्ग नाही.

‘ॲप’चं दुखणं त्याहून वाईट, कारण तिथे तीन वाटा आहेत. अ-वर चंद्र असलेलं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोपर्यंत लोकांनी थांबायचं कसं? कोणी अ लिहून त्यावर चंद्राची खूण बसवली, कोणी ए-वर चंद्र असलेलं हिंदीच्या सोयीचं अक्षर वापरलं. तिन्ही तऱ्हांचा मजकूर आज एकत्र नांदतो आहे. ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स, ॲसिड हे शब्द असलेली कोणतीही जुनी यादी उघडा आणि शोधून पाहा. यादीचा एक हिस्सा मुकाट राहतो.

पुण्याच्या नारायण पेठेत एका बोळातल्या पहिल्या मजल्यावर ज्या ताई पानं लावतात, त्यांना या दोन्ही गोष्टी मी सांगायची गरज नव्हती. कोणताही अंक हातात आला की मजकुराची पहिली सफाई त्या हीच करतात. शासनाच्या टंकलेखनाच्या परीक्षेसाठी त्या रेमिंग्टनवर शिकल्या, लोखंडी टाइपरायटरवर. पुढे संगणक आला, पेजमेकर आलं, आणि टाइपरायटरचाच कळफलक बोटांत धरून त्यांनी हजारो पानं लावली. बोटांनी शिकलेली ती मांडणी आजही तशीच आहे. युनिकोडमध्येसुद्धा त्या रेमिंग्टनच्याच पद्धतीने टाइप करतात आणि वेग असा की बोलणारा मागे पडावा.

“सर, हे बघा,” म्हणत त्यांनी एक जुनी फाइल उघडली. एका प्रकाशकाला बऱ्याच वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती. पडद्यावर आली ती रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं, ओळीमागून ओळी. ई, जी, के, जे, के, मग अवतरणचिन्ह. हा ‘महाराष्ट्र’ होता.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठीतल्या कितीतरी पुस्तकांचा मजकूर आजही या अवस्थेत पडून आहे. युनिकोड घराघरात पोचण्याआधी डीटीपीचे फॉन्ट एक युक्ती करत. संगणकाला वाटे, आपण इंग्रजी ‘ई’ साठवतो आहोत; फॉन्ट त्या जागी ‘म’चं चित्र दाखवी. चित्र दिसलं, छापलं गेलं, काम झालं. त्या काळात तेवढंच हवं होतं आणि त्या जोरावर मराठी प्रकाशन-व्यवसाय खिळ्यांतून बाहेर पडला, याचं श्रेय त्या फॉन्टकारांना द्यायलाच हवं. पण प्रत्येक फॉन्ट-घराण्याने आपला वेगळा तक्ता केला. एकात ‘म’ जिथे, दुसऱ्यात तिथे ‘स’. फॉन्ट हरवला की मजकूरही हरवला.

“फाइल आहे, मजकूर आहे,” ताई म्हणाल्या, “पण तो कुठल्या फॉन्टात होता हे सांगणारं माणूस राहिलेलं नाही. मग अंदाजाने एकेक लावून बघायचा. ओळखीचा शब्द दिसेपर्यंत.”

फॉन्ट ओळखू आला की कन्व्हर्टर चालवतात. तो बरंचसं काम करतो, उरलेल्यात जीव जातो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तिथेच, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर साठवतात. म्हणून ‘स्थिती’ रूपांतरित करताना वेलांटी नुसती एक घर सरकवून भागत नाही. अर्धा स आणि थ अख्खे ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं याच्या उलट. ‘मूर्ती’त तो टाइप झालेला असतो शेवटी, दुसऱ्या वेलांटीच्याही नंतर, आणि न्यायचा असतो त-च्या आधी. श, ण, ख ही अक्षरं कित्येक फॉन्टांत अर्धं अक्षर अधिक काना अशी जोडलेली; ते कानेही ओळखून गिळावे लागतात. ताईंच्या वहीत अशा ठरलेल्या चुकांची यादी आहे, प्रत्येक फॉन्टची वेगळी, शोधा काय आणि बदला काय असे दोन रकाने. मला विचाराल तर मराठी संगणनाच्या इतिहासात त्या वहीला स्थान द्यायला हवं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी जे करायचं राहिलं, ते या बाईंनी वहीत उतरवून ठेवलं आहे.

या सगळ्याला पुण्याचा संबंध जुना आहे. सी-डॅक ही संस्था १९८८ साली पुण्यात उभी राहिली ती महासंगणकासाठी, आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्याच संस्थेत आयआयटी कानपूरला जन्मलेलं ‘जिस्ट’ तंत्र आलं. संगणकात एक कार्ड बसवायचं आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. त्यामागची कल्पना महासंगणकाइतकीच मोठी होती असं मला वाटतं. ब्राह्मीतून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, तेव्हा क-ला एक आकडा द्यायचा; तो देवनागरीत दाखवायचा, गुजरातीत की कन्नडमध्ये, हे नंतर ठरवायचं. या विचाराचं प्रमाण १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलं, त्याचं नाव इस्की. युनिकोडने देवनागरीचा तक्ता मांडला तो इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावरून. आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये मराठी अक्षरांचे जे आकडे आहेत, त्यांचा क्रम असा इथल्या कामातून गेला आहे.

इनस्क्रिप्ट कीबोर्डही याच विचाराचा. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, आणि शिफ्ट दाबली की त्याच कळीवर महाप्राण: क-वर ख, त-वर थ, प-वर फ. मी इनस्क्रिप्ट शिकलो आणि एकदा सोलापूरला एका मित्राच्या संगणकावर कन्नड भाषा निवडून, न बघता, ‘कमल’ टाइप केलं. लिपी मला वाचता येत नव्हती, पण कन्नड अक्षरं बरोबर उमटली होती. त्याच्या आईने वाचून दाखवली. या कीबोर्डचा प्रसार शाळांतून का झाला नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. रोमनमध्ये मराठी लिहून तिचं देवनागरी करून घ्यायची सवय सोयीची खरी, पण त्यात ण आणि न, ळ आणि ल, पहिली आणि दुसरी वेलांटी यांचा निर्णय आपण यंत्रावर सोपवतो. हळूहळू तो निर्णय घेण्याची आपली सवय जाते.

फोनवर मात्र एक सुंदर प्रयोग झाला. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक संरचना केंद्रातून आलेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डवर व्यंजन दाबून धरलं की त्याच्या भोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु, कू. बोट त्या दिशेला सरकवायचं. बाराखडी येणाऱ्या कोणालाही तो शिकवावा लागत नाही. ज्यांनी आयुष्यात संगणक हाताळला नव्हता अशा वडीलधाऱ्यांना मी तो देऊन पाहिला. त्यांनी पहिला शब्द स्वतःचं नाव लिहिलं, आणि जोडाक्षराशी अडखळले तेही क्षणभरच.

आता अक्षरांच्या रूपाबद्दल. विंडोज २०००बरोबर भारतीय लिप्यांना युनिकोडचा आधार मिळाला आणि ‘मंगल’ हा फॉन्ट घरोघरी पोचला. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. कवी, सुलेखनकार आणि शिक्षक असलेल्या या माणसाचं अक्षर कोट्यवधी लोकांनी रोज वाचलं, ते बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नसताना. मंगल पडद्यावर वाचायला चांगला. छपाईत नाजूक काम हवं असेल तर त्या काळी युनिकोडमध्ये पर्याय जवळजवळ नव्हते. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ कोणालाही विनामूल्य वापरता येतो. राज्य मराठी विकास संस्थेच्या कामातून आलेल्या ‘यशोमुद्रे’वरून आयआयटी मुंबईने ‘शोभिका’ केला, त्यात अवघड संस्कृत जोडाक्षरंही न तुटता बसतात. ‘द्ध्य’, ‘ङ्क्ष्व’ अशी जोडाक्षरं टाइप करून फॉन्टची परीक्षा घेणं हा माझा आवडता खेळ आहे, आणि शोभिका त्यात हरत नाही.

मराठीचा ल आणि मराठीचा श हिंदीपेक्षा वेगळे. पाकळीचा ल, देठाचा श. राज्य शासनाने २००९च्या निर्णयात ही रूपं प्रमाण म्हणून ठरवली. युनिकोडमध्ये मात्र ल एकच, कारण अक्षर एकच. रूप फॉन्टने ठरवायचं. म्हणजे फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर मराठी पुस्तकातही दंडाचा ल. यावर जी तोड निघाली ती मला फार आवडते. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवलेली असतात. मजकूर मराठी आहे अशी खूण असेल तर फॉन्ट आपण होऊन पाकळीचा ल दाखवतो, हिंदीची खूण असेल तर दंडाचा. गुगलच्या ‘नोटो’ देवनागरीत ही सोय आहे. मी एका शाळेच्या संकेतस्थळासाठी काम करत होतो तेव्हा पानाच्या पहिल्या ओळीत भाषेची खूण इंग्रजीची होती. ती बदलून ‘एमआर’ केली, पान ताजं केलं, आणि सगळ्या पानावरचे ल आणि श एका झटक्यात आपल्या वळणाचे झाले. मुख्याध्यापक बाई शेजारी उभ्या होत्या. “अहो, हा आपला ल आला!” त्या म्हणाल्या. मजकुरातलं एकही अक्षर बदललेलं नव्हतं. मराठी संकेतस्थळं चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पानावर ही खूण काय आहे ते पाहावं. फॉन्टमध्ये दुसरी रूपं असतील तर एवढ्या एका शब्दाने पान मराठी वळणाचं होतं, आणि अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही आवाज मराठी हवा हे कळतं.

संगणकाला मोजायला सांगा आणि पाहा. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू चार: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या हिशेबात दहा, कारण काना आणि मोडलेला पायही मोजला जातो. यूटीएफ-८ या रोजच्या साठवणीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे तीस. आणि वाचकाला एक म्हणून जाणवणारं अक्षर मोजायचा जो युनिकोडचा नियम होता, तो उत्तर देई सहा, कारण तो ष्ट्र-चे तीन तुकडे करत असे. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत तो नियम सुधारला आणि उत्तर चार झालं. बातमी कुठे छापून आली नाही. ज्या दिवशी ती वाचली त्या दिवशी मी घरात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

हे आकडे हौशी माणसाच्या करमणुकीचे नाहीत. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० खुणांचा. म्हणजे तोच निरोप मराठीत पाठवणाऱ्याला दुप्पट-तिप्पट संदेशांचे पैसे मोजावे लागत. एका ऑनलाइन अर्जात नावासाठी ठेवलेली जागा इंग्रजीच्या मापाने आखलेली होती. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून तिथे बसेना, आडनावाचं शेवटचं जोडाक्षर मध्येच तुटे. मदतकेंद्रावरचा मुलगा चांगला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. “नाव थोडं लहान करता येईल का?” त्याने विचारलं. आपलं नाव यंत्रात मावावं म्हणून कोणी ते लहान करू नये. तक्ता आखणाऱ्याने एक आकडा वाढवायचा होता.

याद्या लावण्याची तऱ्हा तशीच. शाळेत आपण शिकतो: स, ह, ळ, क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात ळ बसला आहे ल-च्या शेजारी, आणि क्ष, ज्ञ तर जोडाक्षरं म्हणून क आणि ज-च्या पोटात. संगणकाला नुसतं ‘क्रम लाव’ म्हटलं तर तो तक्त्याच्या क्रमाने लावतो. कासार आणि काळे यांच्यात मराठी कोशाप्रमाणे कासार आधी यायला हवेत. यादीत काळे आधी येतात. क्षीरसागर शेवटी शोधायला जावं तर ते कुलकर्ण्यांनंतर, क-च्या शेपटीला. एका तालुका ग्रंथालयात ग्रंथपालांनी मला हीच अडचण दाखवली. वाचक कार्डांच्या कपाटातून पुस्तक चटकन काढतात, संगणकावरच्या यादीत चाचपडतात. कपाटातली कार्डं मराठी जाणणाऱ्या माणसाने लावलेली आहेत. उपाय मात्र कधीचा उपलब्ध आहे. जगभरच्या भाषांचे असे संकेत सीएलडीआर नावाच्या खुल्या भांडारात नोंदलेले असतात आणि त्यात मराठीच्या क्रमाची वेगळी नोंद आहे, ळ ह-च्या नंतर. डेटाबेस बांधताना तो क्रम निवडायला हवा, एवढंच. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं काम पाहणाऱ्या तरुणाला फोनवर हे सांगितलं. त्याला ती सोय माहीत नव्हती, पण त्याच आठवड्यात त्याने बदल केला आणि ग्रंथपालांचा आनंदाने फोन आला. कपाट आणि यादी आता सारखं बोलतात.

छोट्या छोट्या गोष्टींत किती विचार झालेला असतो याचं मला अजूनही नवल वाटतं. ‘स्त्री’ लिहून बॅकस्पेस दाबा. बहुतेक प्रणालींत फक्त दुसरी वेलांटी जाते, ‘स्त्र’ उरतं. पण कर्सर शब्दाच्या आधी नेऊन डिलीट दाबलं तर अनेक ठिकाणी अख्खं जोडाक्षर जातं. पहिल्यांदा हा गोंधळ वाटतो. थोडं टाइप केलं की त्यातलं शहाणपण कळतं: मागे वळून खोडताना आपण बहुधा नुकतीच चुकलेली वेलांटी सुधारत असतो, पुढचं खोडताना अख्खं अक्षर नको असतं. तसंच ते न दिसणारं जोडचिन्ह. आपल्यासारख्या लिप्यांत अक्षरांची जोडणी सांगायला वापरलं जाणारं झिरो विड्थ जॉइनर आज इमोजींतही काम करतं. आई, बाबा आणि मुलगी यांच्या चित्रांमध्ये ते ठेवलं की एका चौकटीत कुटुंब दिसतं.

जुना छापील मजकूर संगणकात आणण्याच्या कामाने मला सगळ्यात जास्त सुख दिलं. टेसरॅक्ट नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे. एचपीच्या प्रयोगशाळेत ते १९८५च्या सुमारास सुरू झालं, २००५मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून अक्षर ओळखण्याची त्याची पद्धतच बदलली; अख्खी ओळ एकदम वाचून ते शिकलेल्या वळणांवरून निर्णय घेऊ लागलं. पिवळ्या पडलेल्या दिवाळी अंकाचं पान स्कॅन करून दिलं की काही क्षणांत मजकूर हातात येतो. चुका असतात, आणि त्या सांगतात की यंत्र कसं पाहतं. ख-चा ‘रव’ होतो. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते, कारण शिरोरेघेतली जी फट त्यांना वेगळं करते ती जुन्या छपाईत शाईने भरून गेलेली असते. आमचा चार-पाच जणांचा गट अशी पानं वाटून घेऊन तपासतो. मध्यरात्री निरोप येतो, ‘पान सदतीस, रवरेदी म्हणजे खरेदी, सुधारलं’. जे अंक फक्त दोन-तीन ग्रंथालयांत उरले आहेत, त्यातली एखादी कथा अशी शोधण्याजोगी झाली की झोप गेली तरी चालते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या भाषा-प्रारूपांचा मराठीला फायदा होतो आहे हे खरं. तिथेही जुनीच अडचण नव्या नावाने भेटते. ही प्रारूपं मजकुराचे तुकडे करून वाचतात. इंग्रजी शब्दाचा बहुधा एक तुकडा होतो; आधीच्या पिढीतल्या कित्येक प्रारूपांत मराठी अक्षराचेच बाइटांपर्यंत तुकडे पडत, म्हणून तोच मजकूर मराठीत महाग पडे आणि कमी मावे. आता हे सुधारतं आहे. पण तुकडे कसे पडतील हे शिकवलेल्या मजकुरावर ठरतं, आणि मजकूर जर फुटक्या फॉन्टात, दोन तऱ्हांच्या ‘ऱ्या’त आणि तीन तऱ्हांच्या ‘ॲ’त विखुरलेला असेल तर यंत्राने काय शिकावं? नारायण पेठेतल्या त्या वहीचं मोल इथे पुन्हा लक्षात येतं.

शेवटी शब्दतपासणीबद्दल सांगायला हवं, कारण सध्या माझा मोकळा वेळ तिथेच जातो. मराठी लिहिताना अर्ध्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघा येतात आणि लोक वैतागून तपासणीच बंद करतात. दोष त्यांचा नाही. इंग्रजीत शब्दांची यादी दिली की बरंचसं भागतं. मराठीत घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. एका शब्दाची शेकडो रूपं. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स ज्यावर चालतात ते हन्स्पेल नावाचं तपासनीस हंगेरीतल्या माणसाने हंगेरियनसाठी लिहिलं, आणि त्या भाषेतही प्रत्ययांवर प्रत्यय चढतात, म्हणून त्याची घडण आपल्याला जवळची आहे. मूळ शब्द द्यायचा आणि प्रत्ययाचे नियम लिहायचे. ते एकावर एक असे दोन प्रत्यय सोलून काढतं; आपले तीन-चार असतात, तेव्हा काही आधीच जोडून द्यावे लागतात.

नाशिकचे एक निवृत्त अभियंते काका हे नियम लिहितात, मी त्यांना तपासायला मदत करतो. नियम लिहायला बसलं की शाळेत पाठ केलेलं सामान्यरूप किती गुंतागुंतीचं आहे ते कळतं. घोडा–घोड्याला, म्हणून आकारान्ताला ‘या’ लावा. लगेच काका स्वतःच उठून उभे राहतात: ‘काक्याला’ कोण म्हणतं? काका, मामा, दादा, राजा वेगळे काढले. मग मासा–माशाला, ससा–सशाला, पैसा–पैशाला. स-चा श करा. इंग्रजीतून आलेल्या शब्दांवर तर संध्याकाळच्या फोनवर तासन्‌तास वाद होतात. ‘फाइलीत’ की ‘फाइलमध्ये’? काकांच्या कार्यालयात सगळे फाइलीतच शोधत. माझी भाची फाइलमध्ये शोधते. दोघांनी छापील वर्तमानपत्रं चाळून पाहिली, दोन्ही रूपं सापडली. दोन्ही यादीत घातली. आता ‘मोबाइलीत’ घ्यायचं का यावर काका अडून बसले आहेत, आणि ‘बँके’त कोणाला शंका नसताना ‘ॲपे’त का असावी याचा नियम त्यांना हवा आहे.